सावरलेली टेकडी

मी टेकडी. घाटकोपरला पश्चिमेला उतरून चढण चढू लागलात की ज्या वस्तीपाशी दम लागतो, तिच्या मागे मी उभी आहे. म्हणजे, जेवढी उरले आहे तेवढी.

माझा जन्म कधीचा, ते मलाही सांगता यायचं नाही. आठवतात ती अंगावरची झाडं, ऐन, करंज, काटेसावर, आणि मार्गशीर्षापर्यंत पायथ्याशी वाहणारा झरा.

मग माणसं आली. त्यांना राहायला जागा हवी होती. रॉकेल मिळेना तेव्हा त्यांनी माझी झाडं तोडून चुली पेटवल्या. मला राग आला नाही. त्यांची भुकेली पोरं रडायची, ते मी ऐकत होते. पण मुळं गेली तशी माती सुटली. एक्याऐंशीच्या श्रावणात माझी एक कड घसरली आणि जानकीच्या खोपटात शिरली. तिची लेक जया मागच्या भिंतीशी झोपली होती. शेजारच्या कुंडलिकने हातांनी चिखल उपसून तिला बाहेर काढलं. पोर वाचली, पण डावा पाय कायमचा अधू झाला.

आता जानकी मला शिव्याशाप देणार, असंच मला वाटलं होतं. ती वेंगुर्ल्याकडची. पाऊस उघडल्यावर वर चढून आली, बोडक्या उतारावर हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "उघडी पडली आसा बिचारी. हिका पांघरूण घालूक होया."

"तुका येड लागला काय गे?" सहदेव म्हणाला. पण दुसऱ्या रविवारी पहार घेऊन तोच पुढे होता. कुंडलिकही आला. त्यांनी उतारावर आडवे दगड रचून बांध घातले, मागे साठलेल्या मातीत करंजाच्या बिया टोचल्या. वस्तीतल्या शकुच्या शेळ्यांनी पहिले कोंब फस्त केले, तेव्हा जानकी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"शेळ्या बांध गं, नाहीतर सगळ्याची वाट लागेल!"

"मग त्यांना खायला काय घालू? तुझं डोकं?"

"गवत कापून ने पाहिजे तेवढं. पण मोकळ्या सोडू नकोस."

शकु कुरकुरली, पण तिने ऐकलं. चार-पाच पावसाळ्यांत माझ्या अंगावर गवत धरलं, करंजांची सावली पडू लागली. झराही परतला. चिखल खाली येईनासा झाला.

मी आता घसरत नव्हते, म्हणूनच नंदकुमार बिल्डरच्या डोळ्यांत भरले. "झकास जागा आहे," तो म्हणाला. वस्तीला पक्क्या खोल्या देतो, नळ देतो, इमारत उतारावर उठेल. जानकी आधी नाहीच म्हणाली. कुंडलिक तिच्या ओट्यावर येऊन बसला.

"वहिनी, किती दिवस हंडे वाहायचे? पोरीबाळींना संडासाला लांब जावं लागतं. झाडं मीही लावलीत ना?"

तेवढ्यात जया लंगडत, कमरेवर कळशी घेऊन चढण चढत आली. जानकी तिच्याकडे बघत राहिली. मग नंदकुमारला तिने एकच विचारलं, "झाडं ठेवणार ना?"

"एकालाही हात लावणार नाही, ताई."

ती हो म्हणाली.

बुलडोझर आला तेव्हा ती करंजाला पाठ लावून उभी राहिली. "तुम्ही शब्द दिला होता," ती म्हणाली.

"परत लावू ना ताई. शोभेची लावू," नंदकुमार हसून म्हणाला. सहदेवनेच तिला धरून बाजूला नेलं. दुपारपर्यंत उतार सपाट झाला. झरा काँक्रीटखाली गेला.

आज तिथे तीन मजली इमारत आहे. जया घरातल्या नळावर पाणी भरते, ते पाहून मला बरंच वाटतं. त्यांनी पक्कं घर मागितलं यात काय चुकलं? मला राखूनही ती घरं बांधता आली असती, एवढंच मनात राहून जातं.

जानकीच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या बाजूला उघडते. ती कायम बंद असते. धूळ येते, असं ती सांगते.

जानकी, एकदा उघड ती. माझी कापलेली कड तुमच्या माथ्यावर उभी आहे आणि तिला धरून ठेवणारं एकही मूळ उरलेलं नाही. मला बोल लाव, रागाव, पण वर ये. बिया टोचायला माती थोडी शिल्लक आहे अजून. यंदाच्या पावसानंतर ती असेल, असं मला वाटत नाही.