शनिवारचे जपानी

अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीच्या अलीकडे, शुभदा सोसायटी होती. तिचे सेक्रेटरी जयवंत परब यांचा नियमांवर फार जीव. गच्चीवर पापड वाळत घालायचे तर अर्ज, पाहुण्याची स्कूटर रात्रभर ठेवायची तर अर्ज. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या ओकादाबाई हॉल मागायला आल्या, तेव्हा जयवंतरावांनी आधी चष्मा लावला आणि मग त्यांना बसा म्हटलं.

ओकादाबाईंचे यजमान वसाहतीतल्या एका कारखान्यात जपानी यंत्रांवर देखरेख करायला आले होते. बाईंना दर शनिवारी जपानीचा वर्ग काढायचा होता. त्यांचा शिंजी आणि सांताक्रूझला राहणाऱ्या दोन जपानी बहिणी, एवढीच मुलं. परदेशात वाढणारी मुलं आपली भाषा विसरतात, ती विसरू नयेत म्हणून. हे सगळं बाईंनी जपानीत सांगितलं आणि शिंजीने मराठीत. बाईंना मराठी थोडंफार कळायचं, बोलता यायचं नाही. तो अंधेरीला आला तेव्हा नुकता बोलायला लागला होता. आता चौथीत होता.

"आई म्हणतेय, द्या ना काका हॉल. भाडं पण देईल ती."

"भाड्याचं नाही रे. हॉलमधल्या कार्यक्रमाला सोसायटीतल्या सगळ्या मुलांना येता आलं पाहिजे. नियम आहे तसा."

बाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांचाही नियम होता. वर्ग फक्त परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी. दोघंही मागे हटेनात. जयवंतरावांच्या बायकोने, मालनवहिनींनी, आणलेला चहा गार झाला.

तेवढ्यात कोपऱ्यात गणितं सोडवत बसलेली त्यांची मीरा म्हणाली, "बाबा, जपानहून बघितलं तर अंधेरी परदेशच ना? मग आम्हीपण परदेशातच वाढतोय."

जयवंतराव हसणार होते. पण शिंजीने ते आईला सावकाश, सोप्या मराठीत पुन्हा सांगितलं आणि बाई गंभीर झाल्या. मग उठून, कमरेत वाकून, त्यांनी मीराला नमस्कार केला. मुद्दा बिनतोड होता.

अशा रीतीने शुभदा सोसायटीची झाडून सगळी पोरं परदेशात वाढणारी मुलं ठरली आणि शनिवारी हॉलमध्ये जाऊन बसू लागली.

बाई मन लावून शिकवत. चपला दाराबाहेर एका रेषेत, पाठ सरळ, वर्ग सुटला की सगळ्यांनी मिळून लादी पुसायची. पुस्तकं जपानहून आलेली, त्यातले धडे घरापासून लांब असलेल्या मुलांसाठी लिहिलेले. आपल्या गावी आता बर्फ पडत असेल. आजी खिडकीशी बसून आपली वाट बघत असेल. आपला देश विसरू नका. पोरं हे घोकत होती, त्यावर निबंध लिहीत होती. चौथ्या मजल्यावरच्या भीमराव कांबळ्यांचा रतन घरी येऊन वडिलांपुढे वाकायचा. भीमराव टेलिफोन खात्यात होते. आपल्यापुढे आजवर कोणी इतकं वाकलं नाही म्हणून ते खूश होते.

मीराचं मात्र वेगळंच झालं. एका संध्याकाळी ती जेवेना.

"काय झालं गं?" जयवंतरावांनी विचारलं.

"मला आजीची आठवण येतेय."

"मग सुट्टीत जाऊ की मालवणला."

"ती नाही. तिकडची आजी. बर्फातली."

मालनवहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. "गो बाय, तुझी आजी मालवणात धडधाकट आसा! कालच सुके बांगडे धाडल्यान!"

"ती इकडची आजी," मीरा म्हणाली आणि मुसमुसून रडायला लागली. शेवटी जयवंतरावांनी फ्रीजचा दरवाजा उघडून तिला बर्फ दाखवला. ती अजूनच रडली.

हिवाळ्यात जपानहून नाकानो नावाचे परीक्षक आले. परदेशातली मुलं परत गेल्यावर कुठल्या इयत्तेत बसतील ते ठरवायचं त्यांचं काम. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून जयवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले. मीरा बाजूला बसून त्यांना अर्थ सांगत होती.

नाकानोंनी आधी शिंजीला उभं केलं. तुझा देश कसा आहे, असं विचारलं. शिंजीला प्रश्न नीट कळला होता. आईचं जपानी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर तो घरीसुद्धा मराठीतच द्यायचा. तो डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, "काय माहीत यार. मी लहान होतो ना तेव्हा."

मग मीराची पाळी आली. ती उठली, वाकली आणि शांतपणे सांगू लागली. छपरावरचा बर्फ, चुलीशी ऊब घेत बसलेली आजी, दाराबाहेर ऐकू येणारी पावलं आपली नाहीत हे कळल्यावर तिचं खाली जाणारं तोंड. नाकानोंनी रुमाल काढला. त्यांचीही आई म्हणे अशाच गावात होती.

"या मुलीला लवकर घरी पाठवा," ते ओकादाबाईंना म्हणाले. "तिला परदेश सोसत नाहीये."

ओकादाबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं की ही मुलगी इथलीच आहे आणि तो मुलगा माझा. नाकानोंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मी चेहऱ्यांची परीक्षा घेत नाही, भाषेची घेतो, असं म्हणून त्यांनी निकाल दिला. मीरा जपानमधल्या कुठल्याही शाळेत पाचवीला बसू शकते. शिंजीचं जपानी परदेशी मुलाच्या मानाने बरं आहे.

त्या दिवशी लादी ओकादाबाईंनी एकट्यांनीच पुसली, आणि पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. ते पाहून जयवंतरावांना घास गोड लागेना. आपल्या नियमापायी बाईंचा मुलगा मागे पडला, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. रविवारी त्यांनी सोसायटीची सभा बोलावली.

"शिंजीशी आजपासून कोणी मराठी बोलायचं नाही," ते म्हणाले. "फक्त जपानी."

"पण आपल्याला कुठे येतं?" भीमरावांनी विचारलं.

"पोरांना येतं. पोरांकडून शिका."

ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत कमालीची शांतता पसरली, कारण जिन्यात शिंजी दिसला की मोठी माणसं शब्द आठवत भिंतीला टेकून उभी राहायची. मग हळूहळू जमायला लागलं. मालनवहिनी घावणे देताना जपानीत "गरम आहे" म्हणू लागल्या, पण हेल मालवणीच राहिला. क्रिकेटमध्ये पोरं 'हाउज दॅट'ऐवजी "दोऽऽ देस का!" असं ओरडून अपील करायची. जपानीत त्याचा अर्थ "कसं काय?" एवढाच. शिंजीने मराठीत वाद घातला तर अंपायर रतन त्याला सरळ आउट द्यायचा. शिंजी चिडला, दोनदा खेळ सोडून घरी गेला आणि शेवटी जपानीत भांडू लागला. एकदा भांडण जमल्यावर बाकीची भाषा आपोआप आली. ओकादाबाई गॅलरीत उभ्या राहून आपल्या मुलाच्या जपानी शिव्या ऐकायच्या आणि डोळे पुसायच्या.

मार्चअखेर बाईंच्या यजमानांची परत जपानला बदली झाली. सगळी सोसायटी टॅक्सीभोवती गोळा झाली. बाई एकेकापुढे वाकत होत्या, आणि सगळे उलट वाकत असल्यामुळे ते संपेचना. शिंजी जयवंतरावांना बिलगून रडत जपानीत काहीतरी सांगत होता.

"काय म्हणतोय गं?" त्यांनी मीराला विचारलं.

"परदेशात नाही जायचं म्हणतोय."

जयवंतरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सभेचा ठराव अजून रद्द झालेला नव्हता, म्हणून मराठीत काही बोलता येईना, आणि जपानीत त्यांना "गरम आहे" एवढंच यायचं. तेच ते दोन-तीनदा म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते हॉलला कुलूप लावायला गेले, तर दाराबाहेर चपला एका रेषेत आणि आत सगळी पोरं पाठ सरळ करून बसलेली.

"अरे, बाई गेल्या ना? घरी जा."

कोणी हललं नाही. मग जयवंतरावांनी खडू उचलला.

"आमच्या गावी 'कुठे चाललास' कसं म्हणतात, सांगा बघू."

मीरालासुद्धा येईना. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'खंय चललंस?' पोरांनी ते मोठ्याने म्हटलं. आवाज ऐकून भीमराव दारात आले. ते अकोल्याकडचे.

"परबसाहेब, माह्या पोराले बी आपली बोली येत नाही ना जी. मंग मालवणीच काहून?"

"मी शिकवतोय म्हणून."

"मंग मी बी शिकवतो," असं म्हणत भीमरावांनी चप्पल काढली, रेषेत लावली आणि आत येऊन दुसरा खडू शोधू लागले.