तिसऱ्या मजल्यावरची खोली

हृदय कसं चालतं हे तिला शिकवलं होतं, ते बंद पडलं तर काय करायचं हेही शिकवलं होतं. पण चार भिंती आणि एक छप्पर आपल्या पगारात कुठे मिळतं, हा धडा एवढ्या वर्षांच्या अभ्यासात कुठेच नव्हता. आणि परीक्षा तर आता येऊन ठेपली होती. हॉस्पिटलचा नियम असा, की शिकाऊ डॉक्टरने अर्ध्या तासाच्या अंतरात राहायला हवं. महिनाअखेरीपर्यंत पत्ता दिला नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. नियम करणारे साहेब स्वतः शहराबाहेरच्या बंगल्यात राहत, पण त्यांना कोण विचारणार?

सध्या ती मावसबहिणीच्या हॉलमधल्या सोफ्यावर होती, हॉस्पिटलपासून सव्वा तास लांब. "घर तुझंच आहे," असं भाऊजी म्हणत आणि रोज पहाटे तिच्या उशाशी मोठ्याने बातम्या लावत. मावसबहीण बिचारी दोघांच्या मधे बोलणी खायची.

सुट्टीच्या दिवशी ती जागा बघत हिंडे. एका खोलीत ओट्याखाली गादी होती. "झोपता झोपता चहा टाकता येईल," असं मालक कौतुकाने सांगत होता. दुसऱ्या खोलीची एकुलती एक खिडकी लिफ्टच्या भिंतीकडे उघडत होती. एका बाईंनी तिला तासभर बसवून स्वतःचा गुडघा तपासून घेतला, औषध लिहून घेतलं आणि मग म्हणाल्या, "पण तुझ्या रात्रपाळ्या असणार गं. आमच्या जिन्यात वेळी-अवेळी पाय वाजलेले चालत नाहीत." त्या गुडघ्याने लवकर बरं होऊ नये असं तिला मनापासून वाटलं. डॉक्टरने असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

हे सगळं ती वॉर्डातल्या घड्याळवाल्या आजोबांना सांगायची. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. जिन्यात घसरून डावं मनगट मोडलं होतं आणि वर छातीत कफ भरला होता. हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत ते अडतीस वर्षं एकटे राहत होते. ती हातातलं काम करत बोलायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मग आपल्या खोलीचं सांगत.

"दार फार हट्टी आहे हो. नुसतं ढकलून उघडायचं नाही. कडी धरून वर उचलायचं, मग खांदा लावायचा. नाहीतर बसा बाहेर!"

त्यांचा फॉर्म भरताना तिने विचारलं होतं, "जवळचं कोण आहे, आजोबा?"

"घरमालकाचा नंबर लिहा. दर पहिल्या तारखेला न चुकता भेटायला येतो. एवढं जवळचं दुसरं कोण असणार?" असं म्हणून ते खोकला येईपर्यंत हसले. तिनेही हसत हसत नंबर लिहिला.

घरी सोडायच्या कागदावर शेवटी एक प्रश्न असे: 'रुग्ण एकटा राहू शकतो का?' खरं उत्तर 'हो' होतं. पण 'हो' लिहिलं की ऑफिस हात झटकून मोकळं व्हायचं, आणि 'नाही' लिहिलं की महिनाभर घरी नर्स यायची. ही युक्ती मोठ्या सिस्टरनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या शिकाऊंना शिकवली होती. सगळेच तसं करत. तिनेही 'नाही'वर खूण केली आणि आपण आजोबांचं भलं केलं म्हणून स्वतःवर खूश झाली. त्याच संध्याकाळी आजोबांना पुन्हा ताप भरला आणि घरी जाणं लांबलं. कागद मात्र थांबला नाही. त्याची एक प्रत रीतीप्रमाणे 'जवळच्या माणसाला' गेली.

मुदतीच्या आदल्या दिवशी दलालाचा फोन आला. "मॅडम, नशीब काढलंत. हॉस्पिटलच्या मागेच खोली आहे. मालकाने तुम्हालाच आधी विचारायला सांगितलंय."

ती जेवण सोडून धावली. तीन जिने चढली. दलालाने कुलूप काढलं, दार ढकललं, लाथही मारून पाहिली. दार काही हलेना. तिने त्याला बाजूला केलं, कडी धरून दार वर उचललं आणि खांदा लावला. दार उघडलं.

"वा! तुम्हाला बरं जमलं?" दलाल म्हणाला.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याखाली घड्याळाएवढा गोल, उजळ डाग. घड्याळं खाली चादरीत गाठोडं बांधून ठेवली होती. त्यातलं एखाददुसरं अजून चालू होतं.

"म्हातारबुवा होते एक," दलाल सांगू लागला. "इतकी वर्षं हलतच नव्हते. आता डॉक्टरनेच लिहून दिलंय, एकटं राहता येणार नाही म्हणून. त्या कागदावर वृद्धाश्रमात जागाही मिळाली. मालकाची एवढ्या वर्षांची डोकेदुखी एका सहीने गेली बघा."

सही कोणाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिला होतं. आणि तेवढंच नाही, पुढचंही तिला ठाऊक होतं. दुसरा कागद भरायचा, 'हो'वर खूण करायची, 'आधी चूक झाली' म्हणून खाली सही करायची. ऑफिसकडून बोलणी बसली असती, सिस्टर चिडल्या असत्या, पण खोली आजोबांची राहिली असती. पाच मिनिटांचं काम. पेन तर खिशातच होतं.

दलालाने करार पुढे केला. तिच्या डोळ्यांपुढे सोफा आला, भाऊजींच्या बातम्या आल्या, यादीतला पुढचा उमेदवार आला. तिला स्वतःची किळस आली आणि त्या किळसेसकट ती वाचत गेली. मधे एक ओळ होती: 'भाडेकरू एकटा राहणार आहे का?' तिने पेन काढलं आणि 'हो'वर खूण केली.

सकाळी पत्ता ऑफिसात देऊन ती वॉर्डात आली. आजोबा उशीला टेकून बसले होते, ताप उतरला होता.

"मिळाली का जागा?"

"मिळाली."

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "मिळणारच होती! गेल्या आठवड्यात मालकाला फोन करून तुमच्यासाठी शब्द टाकला होता. म्हटलं, गुणी मुलगी आहे, कुठलीही खोली रिकामी झाली तर आधी तिला विचार. कितवा मजला?"

खोटं बोलता आलं असतं. पण तोंडातून आलं, "तिसरा."

"तिसरा? म्हणजे शिवणवाल्या बाईंची झाली वाटतं रिकामी! अहो, मग आपण शेजारी की!" त्यांनी समाधानाने डोळे पुसले. "आता मला कसली काळजी, भिंतीपलीकडे डॉक्टर! मग बोला, घरी कधी सोडताय मला?"

अॅप्रनच्या खिशात किल्ली होती. तिने त्यांचं उजवं, धड मनगट हातात घेतलं आणि नाडी मोजायला लागली. मोजून झाली तरी तिने मनगट सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.