डोळ्याखालचा भोवरा

गोऱ्ह्याच्या उजव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे, हे पहिल्यांदा दिसलं शेजारच्या पंडितला. दुसऱ्याच्या गोठ्यातली खोट शोधण्यात तो पटाईत. असलं जनावर आसूढाळ असतं, धन्याला रडवतं, असं सांगून तो चहा पिऊन गेला. त्याच आठवड्यात अजिनाथ घाटनांदूरच्या वळणावर मोटारसायकलवरून घसरला आणि मनगट मोडून बसला. एका हातात मोबाइल होता, पण नाव झालं गोऱ्ह्याचं.

तेव्हापासून गाईची चारही सडं निपटून दूध डेअरीला जाऊ लागलं. पान्हा फुटेपर्यंत गोऱ्ह्याला तोंड लावू द्यायचं, की लगेच ओढून उन्हात बांधायचं. आपण त्याला मारत थोडंच आहोत, असं अजिनाथ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या नशिबातच जगणं नाही.

अजिनाथची आई कौशल्याबाई हे ऐकून आतल्या आत पेटायची. बाहत्तरच्या दुष्काळात ती लग्न होऊन या घरात आली. त्या साली अख्ख्या मराठवाड्यात पाणी नव्हतं, पण या घरची विहीर मात्र आटली ती तिच्या पायगुणानं. सासू तिच्या ताटात अर्धीच भाकर टाकायची. सासूनंही कधी हात उगारला नव्हता.

माहेरी, वडवणीकडं, तिच्या वडलांच्या दावणीला असाच भोवऱ्याचा बैल होता. पोळ्याला पहिला मान त्याचा. म्हातारा होऊन तो मेला तेव्हा वडील ओक्साबोक्शी रडले. धन्याला त्यानं रडवलं ते तेवढंच.

एका संध्याकाळी ती गेल्या वर्षीच्या कालवडीच्या तोंडावरचे गोचीड काढत होती. याच गाईची कालवड, पेंड खाऊन तुकतुकीत झालेली. बोटं उजव्या डोळ्याखाली गेली आणि थांबली. तिनं अजिनाथला हाक मारली.

"हिच्या डोळ्याखाली काय हाय, बघ."

त्यानं वाकून बघितलं आणि तो हसला. "माय, ही उद्या दूध देणार हाय. त्या गोऱ्ह्याचं काय करू? नांगराला ट्रॅक्टर हाय, बाजारात कुणी घेत न्हाई."

"मग तसं म्हण की. भोवऱ्याच्या मागं कावून लपतोस?"

सून मंजुषा दारातून म्हणाली, की आत्यांनी जिवाला त्रास करून घेऊ नये, सगळं गाव असंच करतं. मंजुषा आत गेली.

मग कौशल्याबाईनं गोऱ्ह्याचं दावं सोडलं. त्याला धड उभं राहवेना. पोटाखाली हात घालून तिनं त्याला गाईपर्यंत नेलं. गाय त्याला चाटू लागली. अजिनाथनं धड हातानं बादली पुढं सरकवली, तशी ती म्हातारीनं हिसकून घेतली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

"आता रोज हितंच बसणार हायस का?"

"हा चरायला लागंपर्यंत."

गोऱ्हा कासेला ढुसण्या देत होता. तोंडातून फेस गळत होता. अजिनाथ पाय आपटत निघून गेला. त्या संध्याकाळी डेअरीला दूध गेलं नाही. सकाळी धारेच्या वेळेला कौशल्याबाई पुन्हा गोठ्यात होती.