लाल डबा राहून गेला

मित्रांनो, मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. दहा किलोंचा, लाल पत्र्याचा, दिसायला निव्वळ ठोकळा. पण एका बाजूने जोडलात तर विजेचा दाब वाढवतो आणि दुसऱ्या बाजूने जोडलात तर कमी करतो.

२००१ साली संघमित्राताईंनी मला नागपुरात बर्डीच्या बाजारात विकत घेतले आणि साड्यांत गुंडाळून अमेरिकेत, श्रूजबरीला आणले. तिथली वीज आपल्या मिक्सरला पुरत नाही. शेजारच्या कांचनकाकू तर मला हक्काने उचलून न्यायच्या. "यार, तुझा डबा आहे म्हणून आमच्याकडे इडल्या होतात!" मी फुगून जायचो.

ताई नर्स होत्या. २००७ मध्ये त्यांच्या हॉस्पिटलातली, अशक्त बाळांना ऊब देणारी पेटी चालू असूनही जुनी म्हणून मोडीत निघाली. ताई ज्या बौद्ध विहारात जायच्या, तिथल्या कंबोडियन भंतेंच्या गावी, कंबोडियात, एक प्रसूतिगृह होते; पेटी तिथे पाठवायचे ठरले. डिझेल मिळेल तेव्हाच तिथे दिवा लागायचा. आता कुठे शेजारच्या देशातून विकतची वीज आली होती, पण तिचा दाब अमेरिकेच्या दुप्पट. म्हणून पेटीसोबत मीही जाणार होतो. ताईंचे यजमान पंडितदादा यांनी पेटीवर चिठ्ठी चिकटवली, 'आधी लाल डबा जोडा.' चटणीपलीकडेही आपला उपयोग आहे, हे मला तेव्हा कळले.

पेटी निघायच्या दिवशी घरी वडाभाताचा बेत होता. ताईंनी मला खोक्यातून बाहेर काढले.

"अहो, डाळ वाटून लगेच ठेवते हं."

डाळ वाटली, पाहुणे आले, गडबड उडाली. कांचनकाकूंनी नेहमीप्रमाणे मला काखोटीला मारले. दादांना वाटले ताईंनी ठेवला, ताईंना वाटले दादांनी. खोके टेप लावून गेले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

तीन महिन्यांनी कांचनकाकू मला परत द्यायला आल्या. सोफ्यावर भंते मान खाली घालून सांगत होते. गावच्या नर्सनी तीन दिवस लाल डबा शोधला होता. चौथ्या दिवशी दीड किलोचे बाळ जन्मले, गार पडू लागले. शेवटी त्यांनी पेटी तशीच जोडली. धूर निघाला. बाळ गेले.

"थँक्यू हं, संघमित्रा," म्हणत काकूंनी मला टेबलावर ठेवले. ताईंनी माझ्याकडे पाहिले आणि त्या मला घेऊन जिना उतरल्या.

तेव्हापासून मी तळघरात आहे. मित्रांनो, वस्तू वापरलीत की जागेवर ठेवा आणि ठेवली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्या गावात वीज तर आजही असेल. जळक्या पेटीवर दादांची चिठ्ठीही असेल, 'आधी लाल डबा जोडा.'