टॅमरॅक रस्त्यावरचं सगळ्यांत रुंद यंत्र

रॉय बर्टुच्ची सप्टेंबरात ॲरिझोनाला मुलीकडे कायमचा राहायला गेला. जाण्यापूर्वी त्याने आपला स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र, घरापुढे रस्त्याच्या कडेला उभा केला आणि त्यावर पुठ्ठा लावला : ‘फुकट. चालू स्थितीत.’ अठ्ठावीस इंच रुंद तोंडाचं, पुढे दिवा असलेलं, वर्षातून दोनदा तेल बदललेलं यंत्र. आमच्या गावात हिवाळाभरात वीस फूट बर्फ पडतो. तरीही नऊ दिवस त्या यंत्राला कोणी हात लावला नाही. कुत्रा फिरवायला निघालेली माणसं त्या बाजूचा फुटपाथ सोडून पलीकडून जात. दहाव्या दिवशी बाहेरगावचा कुणीतरी ट्रक घेऊन आला आणि यंत्र घेऊन गेला. तेव्हा कुठे टॅमरॅक रस्त्यावरच्या लोकांच्या जिवात जीव आला.

कारण आमच्या रस्त्याचा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडल्याचंही कुणाला आठवत नाही. ज्याच्या यंत्राचं तोंड सगळ्यांत रुंद, त्याने दारापासून रस्त्यापर्यंतचा आपला ड्राइव्हवे साफ झाला की, रस्त्यावर ज्याला स्वतःला जमत नाही त्याचाही साफ करायचा. आणि ज्याच्या दारातला बर्फ काढला, त्याने काढणाऱ्याला कॉफी पाजायची. नाही म्हणायची सोय दोघांनाही नाही.

गेली वीस वर्षं असं न जमणारं घर एकच होतं : आइली सालमेला. वय चौऱ्याऐंशी. अडतीस वर्षं त्यांनी तिसरीचा वर्ग शिकवला. निम्मा रस्ता त्यांचा विद्यार्थी, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांचा ड्राइव्हवे नव्वद फूट लांब, मध्ये लायलॅकच्या झुडपाला वळसा. माणूस काम करत असतो तेव्हा बाई खिडकीत चमचा घेऊन बसतात. काचेवर एक टकटक म्हणजे बर्फ लायलॅकवर पडला. दोन म्हणजे सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, वाटेवर. तीन म्हणजे पाखरांच्या दाण्यावर. त्यानंतर कॉफी, वेलदोड्याचा पाव आणि १९८७ सालच्या फिनलंडच्या सहलीच्या स्लाइड्स, पाच डबे. रॉयने हे चौदा वर्षं केलं. फिनलंडमधलं एकही चर्च त्याला आता अनोळखी नाही.

रॉय गेल्यावर सगळ्यांत रुंद यंत्र उरलं जेरी ग्राहेकचं, सव्वीस इंचाचं. जेरी शाळेच्या बस दुरुस्त करतो. ऑक्टोबरभर त्याचा चेहरा उतरलेला होता. मग वेस्ली हुतुलाच्या तीस वर्षं जुन्या यंत्राचं इंजिन तडकलं, आणि जेरी एकदम माणसांत आला.

वेस्ली एप्रिलमध्ये निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं त्याने काउंटीची, रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटणारी नांगरगाडी चालवली, म्हणजे एकतीस वर्षांत हिवाळ्यातली एकही सकाळ त्याच्या वाट्याला आली नव्हती. त्याने उन्हाळाभर खपून, गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायला एक खोपटी बांधली होती. आत शेगडी, दोन खुर्च्या, खाली भोक. बायकोला, मार्लिसला, त्याने सांगून ठेवलं होतं, “बर्फ पडो न पडो, नऊ वाजता मी तळ्यावर.” त्याला या हिवाळ्यात एवढंच हवं होतं. सालमेलाबाईंचा ड्राइव्हवे गळ्यात पडला, तर ते मिळणार नव्हतं.

तो रस्टी टोमासीच्या दुकानात गेला. जेरी तिथे आधीच होता. आपण खिळे घ्यायला आलोय, असं त्याचं म्हणणं.

“रुंदच घे, वेस,” जेरी म्हणाला. “या वयात पाठीला जपायला हवं.”

“माझ्या पाठीची काळजी तुला कधीपासून?”

“रॉय गेल्यापासून,” रस्टी काउंटरमागून म्हणाला.

“अठरा इंची दाखव,” वेस्ली म्हणाला.

“संपली. तुमच्या रस्त्याचेच लोक फोन करकरून घेऊन गेले. हे बावीसचं आहे, पण ते पिठासारखा बर्फ उडवायला ठीक. तुझं घर कोपऱ्यावर. नांगरगाडी दोन्ही रस्त्यांनी तुझ्या दारात बर्फाचा बांध घालते. त्यात हे गाडलं जाईल.”

“माझ्या जागी आलेल्या त्या ड्रायव्हरबाईने एप्रिलच्या बर्फात काय बांध घातला रे! कमरेएवढा! जरा म्हणून माणुसकी नाही.”

“माझ्या दारात तू एकतीस वर्षं घातलास,” जेरी म्हणाला. “मी तर म्हणतो अठ्ठावीसचं घे. दांडे गरम होतात त्याचे. बोटं ऊबदार राहतील.”

“तुझी बोटं ऊबदार ठेव, जेरी. रस्टी, सव्वीसचं आहे?”

“एकच आहे.”

“गाडीत घाल.”

वेस्लीचा हिशेब सरळ होता. बरोबरी झाली तर काम आधीपासून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे, म्हणजे जेरीकडेच राहणार. जेरीला हे मान्य नव्हतं. दोघं माझ्याकडे आले. माझ्याकडे यंत्र नाही, पत्र्याचं ढकलायचं सुपडं आहे, म्हणून मी निःपक्ष. मोजपट्टी घेऊन मी दोन्ही यंत्रांची तोंडं आतून मोजली. वेस्लीचं सव्वीस. जेरीचं साडेपंचवीस.

“हे कसं?” वेस्ली म्हणाला.

मी वाकून पाहिलं. जेरीच्या यंत्रात आतून दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचाच्या लोखंडी पट्ट्या जोडल्या होत्या.

“कारखान्यातूनच तशा आल्यात,” जेरी म्हणाला.

“रंग ओला आहे, जेरी.”

“हवा दमट आहे.”

दुसऱ्या दिवशी वेस्लीच्या गॅरेजमधून वेल्डिंगचा उजेड दिसला. रविवारी मी पुन्हा मोजलं : वेस्ली पंचवीस. बुधवारी जेरी साडेचोवीस. पट्ट्या जोडायच्या तर फिरणारी पातीही दोन्ही टोकांनी कातरावी लागतात. ते काम दोघांनी मन लावून केलं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला वेस्ली तेवीसवर होता. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी वेस्ली एकोणीस, जेरी साडेअठरा. मार्लिस गॅरेजच्या दारात कॉफीचा मग घेऊन उभी होती.

“वेस, हे आता यंत्र आहे की बूट पुसायचा ब्रश?”

“अजून अर्धा इंच फक्त. मग तो हरला.”

“आणि आपला ड्राइव्हवे?”

वेस्लीने वेल्डिंगचा मुखवटा तोंडावर ओढला. त्याने तो विचार केलेला नव्हता.

त्या रात्री हिवाळ्यातला पहिला मोठा बर्फ पडला, तेवीस इंच. सकाळी सातला वेस्ली आणि जेरी आपापल्या दारात उभे होते. वेस्लीचं यंत्र कोपऱ्यावरच्या बांधात शिरलं, उंदरासारखं एक बीळ पाडलं आणि आतच बंद पडलं. वेस्ली ते दोरीने ओढून बाहेर काढायचा, पुन्हा शिरवायचा. तासाभरात त्याने आठ फूट वाट केली. जेरीची सहा फूट झाली. दोघंही मधूनमधून थांबून एकमेकांची वाट नजरेने मोजत होते.

इतक्यात रस्त्याच्या टोकाला दिवा दिसला. रॉयच्या यंत्राचा दिवा. मागे सालमेलाबाई, नवऱ्याच्या जुन्या निळ्या स्नोमोबिल सूटमध्ये, लांबलचक बाह्या दुमडून. बाहेरगावचा तो ट्रकवाला त्यांचा भाचा होता. रॉय जाऊन नऊ दिवस झाले तरी कोणी आपल्याला विचारायला आलं नाही, म्हणून त्यांनी तेव्हाच स्वतःची सोय केली होती. स्वतःचे नव्वद फूट पंचवीस मिनिटांत उरकून, जेरीचा ड्राइव्हवे आटोपून त्या वेस्लीपाशी आल्या.

“वेस्ली, बाजूला हो.”

“बाई, तुम्ही कशाला? मी करतोय ना.”

“दिसतंय ते.” त्यांनी मला हाक मारली. “मोजपट्टी आण रे.”

मी मोजलं. अठ्ठावीस.

“नियम काय आहे, वेस्ली?”

वेस्लीने टोपी काढली. तिसरीत उभं राहतात तसा तो उभा राहिला. “ज्याचं यंत्र सगळ्यांत रुंद, त्याने ज्याला जमत नाही त्याचा ड्राइव्हवे साफ करायचा, बाई.”

“आणि?”

“आणि ज्याचा साफ केला, त्याने कॉफी पाजायची.”

“मग पाणी ठेव. जेरीला पण बोलाव. माझ्या दारात ढकलगाडी आहे, त्यात प्रोजेक्टर आहे, तो सांभाळून आत आण.”

वेस्लीचा ड्राइव्हवे उरकून बाई नऊला आत आल्या आणि अकरा वीसला गेल्या. चर्च नंबर चौदापर्यंत झालं. जेरी मध्येच फोन आल्याचं सांगून पळाला, कारण घर त्याचं नव्हतं.

त्या आठवड्यात बर्फ चारदा पडला आणि बाई चारदा आल्या. वेस्लीने पट्ट्या उपटायचा प्रयत्न केला, पण वेल्डिंग त्यानेच केलेलं होतं आणि चांगलं केलेलं होतं. पाती तर कातरूनच टाकलेली. तळ्यावरच्या खोपटीतलं भोक पुन्हा गोठलं. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत वेस्लीच्या मासेमारीच्या सकाळी : शून्य.

“तू त्यांना सरळ सांगत का नाहीस?” मार्लिसने विचारलं.

“काय सांगू? आमच्याच घरातून जा म्हणू? तिसरीत मी त्यांना साधं ‘हात धुऊन येऊ का’ विचारायला घाबरायचो.” त्याने खिडकीतून बाईंच्या घराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “मार्लिस, त्यांच्या घरातून उठून जाता येतं.”

“म्हणजे?”

“आपल्या घरातून उठून मी जाणार कुठे? त्यांच्या घरात एक कप प्यायचा, एक डबा बघायचा, ‘येतो बाई’ म्हणायचं आणि बाहेर! रॉय चौदा वर्षं बसला, कारण त्याला जायला कुठे नव्हतं. मला तळं आहे!”

तो टोपी न घालताच गाडीत बसला.

“सगळ्यांत रुंद काय आहे?” त्याने रस्टीला विचारलं.

“बत्तीस. पण ते घरगुती नाही, वेस. चर्चच्या पार्किंगसाठी मागवलंय.”

“चर्चला दुसरं मागव. चौदा चर्च बघितलीत मी, एकाच्याही दारात बर्फ नव्हता.”

ते यंत्र ट्रकमध्ये चढवायला तीन माणसं लागली. तिसरा जेरी होता. खबर लागताच तो काम सोडून आला होता, आणि इतक्या प्रेमाने त्याने वेस्लीला कधी मदत केली नव्हती.

“पाठीला जप हं,” तो म्हणाला.

पुढच्या बर्फाला मी मोजपट्टी लावली. बत्तीस. बाईंनी आकडा वाचला, मान हलवली, स्नोमोबिल सूट काढून ठेवला आणि चमचा घेऊन खिडकीत बसल्या. त्या सकाळी काचेवर अकरा टकटक झाल्या. वेस्लीने एक कप कॉफी घेतली, दोन तुकडे पाव खाल्ला, एक डबा पाहिला. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो म्हणाला, “येतो बाई.”

“इतक्यात? हेलसिंकी राहिलं.”

“पुढच्या बर्फाला, बाई.”

फेब्रुवारीच्या एक तारखेपर्यंत त्याच्या तळ्यावरच्या सतरा सकाळी झाल्या. पर्च जातीचे मासे एकसष्ट, पाइक दोन.

बाईंना आता यंत्राची गरज उरलेली नाही. अकरा दिवस झाले, रॉयचा स्नोब्लोअर त्यांच्या घरापुढे रस्त्याच्या कडेला उभा आहे. त्यावर फळ्यावरच्या सुबक अक्षरात पुठ्ठा : ‘फुकट. चालू स्थितीत.’ नांगरगाडीने तो दोनदा बांधात गाडला आणि बाईंनी काचेवर टकटक करून वेस्लीकडून दोनदा उकरून काढून घेतला. कुत्री फिरवणारी माणसं पुन्हा पलीकडच्या फुटपाथने जातात : वेस्लीचं बत्तीसचं कधी बंद पडलं, तर पाळी अठ्ठावीसवाल्याची. सगळ्यांत पुढे जेरी असतो. त्याच्याकडे कुत्रा नाही.