दोघांचा पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. एकट्याचा नव्हे, दोघांचा. हे आधीच सांगतो, कारण पुढे सगळा घोळ त्यावरूनच झाला.

एका गवंड्याने आपल्या लग्नाच्या वेळी मला करून घेतले. लोकांची घरे बांधता बांधता त्याने स्वतःसाठी दोन खोल्या उभ्या केल्या आणि आतल्या खोलीत मला मांडले. "अहो, सरका की जरा! तुम्हाला पलंग नाही, मैदान पाहिजे," असे त्याची बायको रोज म्हणे. तोही रोज सरके, बोटभर. त्यांची मुलगी माझ्यावरच रांगली, तापाने फणफणली तेव्हा माझ्यावरच कण्हली. पाहुणे माझ्यावर थाप मारून म्हणत, "लाकूड असावं तर असं!" मला फार बरे वाटे.

मग गवंड्याची बायको आजारी पडली आणि गेली.

त्यानंतरही तो आपल्याच बाजूला झोपे. दुसऱ्या बाजूच्या चादरीला सुरकुतीसुद्धा पडत नसे. पुढे तर तो खाली सतरंजीवर झोपू लागला. माझ्यावर आधी धुतलेले कपडे साठले, मग धूळ. मित्रांनो, पलंगाला माणसांचे ओझे कधी होत नाही. ती नसली की मात्र होते.

शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, मोडीत काढा हा पलंग. बघून बघून झुरताय नुसते." मोडीत द्यायला त्याचे मन होईना. जवळच बेघर माणसांचा निवारा होता. तिथे खाटा कमी पडतात, असे त्याच्या कानावर आले होते. त्याने मला हातगाडीवर घातले आणि तिथे नेले.

निवाऱ्यात एका दालनात पुरुष झोपत, दुसऱ्यात बायका. मोठा पलंग आला की सुतार तो मधोमध कापी, जादा पाय जोडी आणि दोन खाटा करी. त्याने माझ्यावरही पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत उचलली. मी थिजलो.

तेवढ्यात दारात आवाज चढले. घर गेलेले एक म्हातारे जोडपे आले होते. निवारा सांभाळणाऱ्या ताई समजावत होत्या, "आजी, तुम्ही इकडे, आजोबा तिकडे. मधे एक भिंत तर आहे."

"यांना दिसत नाही गं नीट. रात्री उठले तर हात कोण धरणार? भिंत?" आजी म्हणाल्या. "चला हो, आपला बसथांबाच बरा."

"अहो, बाहेर केवढा गारठा आहे!"

"आहे ना. आम्ही दोघांत वाटून घेतो."

दोघे वळले. गवंड्याने सुताराचा हात धरला. "थांब. कापू नकोस."

"काका, दोन खाटा झाल्या तर दोन माणसं झोपतील," ताई म्हणाल्या.

"आणि न कापता किती झोपतात?"

ताईंनी आजी-आजोबांना हाक मारून थांबवले. मग म्हणाल्या, "पण वेगळी खोली आणू कुठून? एक कोठी आहे, तिच्यात छतापर्यंत पोती नि पांघरुणं."

"ती माझ्या घरी ठेवा. आतल्या खोलीत आता..." त्याने माझ्या कडेवरून हात फिरवला. "आता तिथे जागाच जागा आहे. लागेल ते रोज आणून देईन."

"रोजचं लचांड होईल हं, काका," सुतार म्हणाला.

"होऊ दे. घरी बसून मी करतो तरी काय?"

दिवस मावळायच्या आत कोठी रिकामी झाली. आजी-आजोबा माझ्यावर टेकले. कितीतरी दिवसांनी माझ्या फळ्या दोन्हीकडून दबल्या.

गवंडी आता रोज सकाळी खांद्यावर पोते घेऊन येतो. दारातूनच विचारतो, "करकरत नाही ना?"

"नाही हो. या, बसा घटकाभर," आजी म्हणतात.

"नको, उभाच बरा," म्हणतो आणि निघतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू धूळ खात पडली असेल, तर ती निवाऱ्यात जरूर द्या. पण देऊन लगेच पाठ फिरवू नका. तिथल्या माणसांना काय हवे आहे, तेही विचारा. आणि आमचा गवंडी कुठे भेटलाच, तर त्याला सांगा, एकदा आत येऊन बस. दिवसा मी रिकामाच असतो.