वायरलेसचं कुलूप

सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्याला मुकुंदरावांचं वॉकीटॉकी विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान होतं. तीस वर्षं झाली. लग्नाचे हॉल, बांधकामं, हॉस्पिटलं, सगळीकडे त्यांनी दिलेले सेट खरखरत होते. एका मंगळवारी सकाळी नल्लकुंट्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलातून शर्वरी मॅडमचा फोन आला. पुण्याहून आलेल्या या बाई तिथला सगळा कारभार बघायच्या आणि आवाज न चढवता काम करून घ्यायच्या.

"मुकुंदराव, आमच्या सेटवरचं बोलणं बाहेर कुणीतरी ऐकतंय. आजच्या आज बंद करायचंय."

"कशावरनं म्हणता, मॅडम?"

त्यांनी सांगितलं. मागच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर बेड सातचे पेशंट गेले. नर्सने सेटवरून खाली कळवलं, बॉडी न्यायला स्ट्रेचर पाठवा. डॉक्टर पेशंटच्या बायकोला वर शोधत होते आणि ती खाली हॉलमध्ये होती. तेवढ्यात शववाहिनीचा एक ड्रायव्हर हॉलच्या दारात येऊन विचारू लागला, "बेड सातचं कोण आहे? गाडी लागणार काय?" त्या बाईला आपला नवरा गेल्याचं असं कळलं.

"गार्ड म्हणतात, त्याच्या सीटखाली आपल्यासारखाच सेट असतो," शर्वरी मॅडम म्हणाल्या. "नांदेडकडचा आहे. युवराज नाव."

मुकुंदरावांनी हातातला पेचकस टेबलावर ठेवला.

त्यांना तो मुलगा चांगला आठवत होता. दोन वर्षांपूर्वी जुना सेट घेऊन आला होता. आल्या आल्या मराठीत "मामा" म्हणाला. आजूबाजूला दिवसभर तेलुगु आणि दखनी. घरच्या बोलीत कुणी मामा म्हटलं की मुकुंदराव विरघळायचे. पोरगा म्हणाला, हॉस्पिटलची गाडी चालवतो, त्यांचा चॅनल टाकून द्या. मुकुंदरावांनी चहा पाजला आणि चॅनल टाकून दिला. हॉस्पिटलला एक फोन करून विचारावं, हे मनातही आलं नाही.

लॅपटॉप आणि केबल घेऊन ते नल्लकुंट्याला निघाले खरे, पण रिक्षात त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. कुलूप लागलं की युवराजचा सेट मुका होईल, विषय संपेल. हॉस्पिटल हे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होतं. बरकतपुरा मागे पडला तेव्हा काही बोलायचं नाही असं ठरलं होतं.

शर्वरी मॅडमच्या खोलीत बावीस सेट टेबलावर रांगेत मांडले होते. मुकुंदरावांनी केबल जोडली आणि समजावू लागले. "प्रत्येक सेटमध्ये एकच किल्ली टाकायची. चौसष्ट अक्षरांची. बोलणारा सेट त्या किल्लीने आवाज कुलूपबंद करतो, ऐकणारा त्याच किल्लीने उघडतो. किल्ली नसलेल्या सेटला नुसता गोंधळ, नाहीतर शांतता."

"आणि ही किल्ली तुमच्याकडे राहणार?"

साधाच प्रश्न होता. मुकुंदराव खुर्ची मागे सारून म्हणाले, "मॅडम, त्या पोराचा सेट मीच चालू करून दिलाय."

सगळं सांगून झालं. चहासकट. शर्वरी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला एक फोन केला असता तर," त्या म्हणाल्या.

"हौ."

"एकच फोन, मुकुंदराव."

"खरं आहे. काम दुसऱ्याकडनं करून घ्या, मी बोलणार नाही. पण आज माझ्याकडनं झालं तर किल्ली तुम्ही टाका. मी बघणार नाही. किल्लीच्या फाइलला पासवर्डही तुमचाच. दुकानात प्रत नक्को."

त्यांनी लॅपटॉप मॅडमकडे वळवला आणि स्वतः खिडकीशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मागे बटणांचा आवाज चालू होता. एकदा चुकलं, मॅडम पुटपुटल्या आणि पहिल्यापासून टाकू लागल्या. मुकुंदराव वळले नाहीत.

मग एकेक सेट जोडून किल्ली भरायला लागले. घाई केली नाही. आधी बावीसच्या बावीस सेटमध्ये किल्ली जाऊ दिली, ती मोजून घेतली आणि शेवटी कुलूप चालू केलं. मधेच केलं असतं तर कुठल्यातरी मजल्यावरच्या नर्सची हाक कुणालाच ऐकू गेली नसती. दोन जुन्या सेटना ही किल्ली पेलेना. ते त्यांनी बाजूला काढून आपले दोन नवे दिले.

"नावं आणि बेडचे नंबरही सेटवर बोलू नका," ते म्हणाले. "कुलूप लागलं तरी सेट वाजतो तिथे माणसं उभी असतातच."

शर्वरी मॅडमनी ते लिहून घेतलं.

फाटकाबाहेर युवराज गाडीला टेकून सेट कानाशी हलवत होता. मुकुंदरावांना बघून म्हणाला, "मामा, बरं झालं आलात. बिघडला काय की, आवाजच येईना."

"बिघडला नाही. आता तो असाच राहणार. दे इकडे, चॅनल काढून टाकतो."

युवराजचा चेहरा उतरला. "त्या बाईमुळे? मामा, शप्पथ, मला वाटलं तिला सांगितलंय. सांगितलेलंच असतं नेहमी. मी बोललो आन् ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. त्या दिवसापासनं मी आत गेलो नाही."

त्याला रागवायचं म्हणून मुकुंदराव आले होते. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तू खोटं बोललास, ते तुझं. मी विचारलं नाही, ते माझं. गाडीचा नंबर मॅडमकडे रीतसर लिहून दे. कुणाला लागली तर ते बोलावतील."

युवराजने सेट दिला.

त्या बाईंचं नाव तारामती. शर्वरी मॅडमनी फोनवर विचारून, त्या हो म्हणाल्या तेव्हाच पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुकुंदराव अफझलगंजला गेले. धान्याच्या आडतीवर तारामतींचं घर होतं. दिवाणखान्यात त्यांच्या नवऱ्याचा, नामदेवरावांचा हार घातलेला फोटो आणि समोर सतरंजीवर त्या एकट्याच बसल्या होत्या.

मुकुंदरावांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. माफी मागायची वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी निसटली.

"बसा, भाऊ," तारामती म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. "मला एक सांगा. त्या वायरलेसवर किती वाजता बोलले, हे कळतं का हो?"

"हो. त्याची नोंद राहते. मी काल हॉस्पिटलात बघितली."

"मग सांगा ना. मी सकाळी सहालाच खाली गेले होते. यांना थोडं बरं वाटत होतं, म्हणाले इडली आण. मी रांगेत उभी राहिले, चटणी वेगळी बांधा म्हणून भांडले, आल्यावर हॉलमध्ये जरा टेकले. रोज तेच डोक्यात येतं. सगळ्यांना ठाऊक होतं, परक्या ड्रायव्हरलासुद्धा, आणि मी तिकडं चटणीवरनं भांडत होते. किती वेळ, भाऊ? तास? दीड तास?"

"नाही, ताई. ड्रायव्हर तुमच्याशी बोलला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं, ते मॅडमनी हॉलच्या कॅमेऱ्यात दाखवलं. नर्स सेटवर बोलली ती सात वाजून सहा मिनिटांनी, ते गेले तशी लगेच; तुम्ही तेव्हा हॉलमध्ये येऊन बसला होतात. त्याच्या आधी कुणाला माहीत नव्हतं."

"चार मिनिटं?"

"चार."

तारामती फोटोकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी रांगेत होते तेव्हा हे होते."

"होते."

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि रडल्या. आवाज न करता, खूप वेळ. मुकुंदराव सतरंजीवर बसून राहिले. खाली आडतीवर पोती उतरवणाऱ्या हमालांची हाकाहाक चालली होती.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "त्या पोराला सांगा, मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. लोक सांगतात दिल्या म्हणून. मला तसं काही आठवत नाही."

"सांगतो."

"आणि आता पुन्हा कुणाला असं कळायचं नाही ना?"

"निदान वायरलेसवरनं तरी नाही," मुकुंदराव म्हणाले. याहून मोठं वचन त्यांना देता येत नव्हतं, आणि ते त्यांनी दिलं नाही.

तारामतींनी मान हलवली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.